माती ओली की कोरडी

मास्तरांची बोटं मुकी झाल्याला दोन वर्षं होत आली होती, आणि ही गोष्ट अख्ख्या जगात एकट्या मास्तरांनाच ठाऊक होती.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत हो, शिवणकामाचे. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान, दुकानाच्या डोक्यावर दोन खोल्यांचं घर, आणि मधे एक चिंचोळा लाकडी जिना. कोट-पँट शिवणारे आसपास चिक्कार होते, पण मास्तरांचं नाव झालं ते बोटांमुळे. गिऱ्हाइकानं कापड टेबलावर टाकलं की मास्तर त्याची कड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायचे, एकदा चोळायचे आणि म्हणायचे, "साहेब, लोकर म्हणून घेतलंत ना? निम्मा धागा नायलॉनचा आहे. दुकानदारानं टोपी घातली तुम्हाला." गिऱ्हाईक आधी मास्तरांवरच उखडायचं. मग कापडवाल्याकडे जाऊन भांडून यायचं, आणि पडलेलं तोंड घेऊन कोट मास्तरांकडेच शिवायला टाकायचं.

आता अशा माणसाची बोटंच बधिर व्हावीत, याला काय म्हणायचं? आधी टोकांना मुंग्या यायला लागल्या. मग मुंग्याही गेल्या. सुई टोचलेली कळायची ती कापडावर लाल ठिपका उमटल्यावर. शहाण्या माणसानं डॉक्टर गाठला असता. पण डॉक्टरकडे जायचं म्हणजे खरं काय ते ऐकून यायचं, आणि तेवढी मास्तरांची छाती नव्हती. त्यांनी आपल्या युक्त्या काढल्या. कापडाची वीण डोळ्यांनी वाचायची. कानाशी धरून चुरगळायचं आणि आवाज ऐकायचा. अगदीच अडलं तर गालावरून फिरवायचं, कारण गालाला सगळं नीट कळत होतं. गिऱ्हाइकं म्हणायची, "कमाल आहे, मास्तर आता गालानंसुद्धा ओळखतात!" मास्तर हसून घ्यायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बायकोलाही त्यांनी सांगितलं नव्हतं. तीस वर्षांचा संसार, तिच्यापासून काय लपवायचं? ती हसली नसती की तिनं घाबरून गळाही काढला नसता. सरळ हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली असती. पण ज्या गोष्टीसाठी आपल्याला सगळे मास्तर म्हणतात तीच गेली, हे स्वतःच्या तोंडानं कसं सांगायचं? लाज वाटत होती, दुसरं काय.

अशात एके दिवशी ताई ते झाड घेऊन जिना चढून आली.

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं नोकरी केलेली, त्यामुळे मीठसुद्धा मोजून टाकणारी. झाड म्हणजे डाळिंबाचं बोन्साय. वीतभर उंची, मनगटाएवढं खोड, उथळ मातीच्या तबकात पसरलेली मुळं आणि फांद्यांना गोट्यांएवढी तीन डाळिंबं. बावीस वर्षांपूर्वी ताईनं ते बीपासून वाढवायला घेतलं होतं. तिची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. आता त्याच मुलीला बाळ होणार होतं आणि ताई सहा आठवड्यांसाठी तिच्याकडे निघाली होती.

"हे तुझ्या भरवशावर ठेवून चाललेय, छोट्या," ताई म्हणाली. मास्तर अठ्ठावन्न वर्षांचे, पण ताईला ते छोट्याच. "आणि हिच्या हातात अजिबात द्यायचं नाही."

"का हो ताई?" बायको आतून चहा घेऊन येत म्हणाली.

"अगं, तुझ्या हातात दिलं तर झाडाला पोहायला शिकावं लागेल."

तिघंही हसली. यात खोटं काही नव्हतं. मास्तरांच्या बायकोला पाणी घालायचा भारी सोस. खिडकीत तिच्या मिरच्या, पुदिना, दोन गुलाब होते आणि येता-जाता ती त्यांना पाजत असायची. ती झाडंही तिच्यासारखीच, सोसणारी. सगळं पिऊन तरारून वाढायची.

ताईनं मास्तरांना समोर बसवून समजावलं. "नीट ऐक. वार बघायचा नाही, घड्याळ बघायचं नाही. रोज सकाळी मातीत बोट खुपसायचं, पहिल्या पेरापर्यंत. ओली लागली तर बोट काढायचं आणि गप्प बसायचं. कोरडी लागली तरच पाणी. आणि द्यायचं तर पोटभर, खालच्या भोकांतून गळेपर्यंत. मग ताटलीत साचलेलं ओतून टाकायचं, नाहीतर मुळं कुजतात. वरच्या मातीवर जाऊ नकोस, ती फसवते. वरून पांढरीफटक दिसते आणि आत चिखल असतो."

"बरं," मास्तर म्हणाले.

"म्हणून तर तुझ्याकडे आणलं. या बोटांना फसवेल असं कापड अजून विणलं गेलं नाही, तिथे मातीची काय कथा!"

बघा, इथे बोलायचं होतं. 'ताई, मला बोटांनी कळत नाही.' पाच शब्द! ताई दोन शिव्या घालून झाड शेजारच्या कुणाकडे ठेवून गेली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती. पण बहीण आपल्या बोटांकडे इतक्या कौतुकानं बघतेय म्हटल्यावर मास्तरांची छाती फुगली. म्हणाले, "तू निश्चिंत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी मातीत बोट खुपसलं. बोट आत गेलं एवढं कळलं. कशात गेलं ते कळलं नाही. काढून बघितलं तर ती विटेचा चुरा आणि जाडी वाळू मिसळलेली माती, बोटाला काही चिकटेल तर शपथ! बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

"काय म्हणतंय झाड?" तिनं विचारलं.

"कोरडं आहे," मास्तर ठासून म्हणाले, आणि तांब्याभर पाणी ओतलं.

पुढे रोज तेच. एकदा बायको अंघोळीला गेली असताना त्यांनी चिमूटभर माती उचलून गालाला लावूनही बघितली. हसू नका, माणूस अडला की काय काय करतो. पण गालाला लागली ती वरची माती, आणि वरची माती फसवते हे ताईनंच सांगितलेलं. मग मास्तरांनी मनाशी हिशेब मांडला: तहानेनं मेलं तर सगळे म्हणतील मास्तरांनी पाणी दिलं नाही. पाणी दिलं तर निदान दिलं असं तरी होईल. म्हणून रोज सकाळी बोट खुपसायचं, जाणत्यासारखं 'हं' म्हणायचं आणि तांब्या रिकामा करायचा.

चौथ्या आठवड्यात पानं पिवळी पडायला लागली. मास्तरांना वाटलं तहानलंय, म्हणून त्यांनी संध्याकाळचंही पाणी सुरू केलं. एक डाळिंब गळलं. चार दिवसांनी दुसरं गळलं. बायकोचा जीव तुटायचा. "अहो, पाणी कमी पडतंय का त्याला?"

"मी बघतोय ना!" मास्तर खेकसले. चोराच्या उलट्या बोंबा, आणखी काय!

एके दुपारी मास्तर खाली दुकानात असताना बायकोला राहवलं नाही. वरची माती सुकून पांढरी दिसत होती, म्हणून तिनं अर्धा ग्लास पाणी घातलं. संध्याकाळी मास्तर वर आल्या आल्या तिनं स्वतःहून सांगितलं. "चुकलंच माझं. ताईंनी बजावलं होतं, तरी हात गेला."

"असू दे," मास्तर म्हणाले. "अर्ध्या ग्लासानं काय होतंय."

हे त्यांचं स्वतःचं वाक्य होतं, बरं का.

ताई परत आली तेव्हा झाडाला मोजून नऊ पानं उरली होती. नातीचे फोटो दाखवायचे राहिले बाजूला. तिनं वर्तमानपत्र पसरलं, तबक उपडं करून झाड बाहेर काढलं, आणि खोलीभर कुबट वास सुटला. मुळं काळी पडली होती. ताईनं एक मूळ दोन बोटांत धरून ओढलं तर त्याची साल सुटून हातात आली. ती ओरडली नाही की रडली नाही. चष्मा काढून पुसत बसली, बराच वेळ.

"पाण्यानं गेलं," ती शेवटी म्हणाली.

बायकोचा चेहरा उतरला. "ताई, मी घातलं होतं. तुम्ही नको म्हणाला होतात तरी एकदा घातलं. अर्धा ग्लास."

"एकदा?"

"एकदाच."

"अगं, एकदा घालून अशी गत होत नाही. हे पंधरा-वीस दिवसांचं पाणी आहे, तेही दिवसातून दोनदा." ताईचा आवाज चढला नव्हता, प्रयोगशाळेत बोलावं तसं ती बोलत होती. "मी रागवत नाहीये. फक्त खरं सांग. रोज घालत होतीस ना?"

"नाही हो ताई! एकदाच. हवं तर यांना विचारा."

मास्तर बोटानं बघून घालत होते, ते पाणी चुकलं असेल हे दोघींच्या मनातही आलं नाही. दोघी मास्तरांकडे वळल्या.

मास्तर खुर्चीत बसले होते. घसा कोरडा पडला होता, तेवढं मात्र नीट कळत होतं. ताई त्यांच्या हातांकडे बघत होती, म्हणजे त्यांना तरी तसं वाटलं. आणि मास्तरांच्या तोंडून निघालं, "मी दिवसभर खाली दुकानात असतो. माझ्यामागे कोण काय करतं, मला काय माहीत?"

बायको भांडली असती तर बरं झालं असतं. रागानं नुसतं बघितलं असतं तरी चाललं असतं. ती गोंधळली. कपाळाला आठ्या घालून, ओठ हलवत काहीतरी मोजत राहिली. मग हळूच म्हणाली, "घातलं असेल मग. मला आठवत नाही."

"जाऊ दे गं," ताई म्हणाली. तिनं काळी मुळं कापून टाकली, उरलेलं झाड फडक्यात गुंडाळलं आणि "बघते काय होतंय" म्हणून घेऊन गेली.

मास्तर खाली गेले आणि मशीनवर बसले. पायाखाली पट्टा फिरत होता, पण सुईखाली कापडच नव्हतं. स्वतःची इतकी किळस त्यांना कधी आली नव्हती. बायकोवर! ज्या बाईनं आपली अर्ध्या ग्लासाची चूक दिवस मावळायच्या आत स्वतःहून सांगितली तिच्यावर त्यांनी वीस दिवसांचं पाणी ढकललं होतं. उद्या सांगू, ते म्हणाले. ताईचा राग निवळला की सांगू. वेळ बघून सांगू. अशी वेळ कधी आपणहून जिना चढून येते का?

त्यानंतर घरात काहीतरी बिघडलं. बायकोनं खिडकीतल्या झाडांना चिठ्ठ्या चिकटवल्या. मिरचीला एक, पुदिन्याला एक, गुलाबांना एकेक. पाणी घातलं की ती चिठ्ठीवर पेन्सिलीनं रेघ ओढायची. मास्तरांना वाटलं, सोस आवरायला बघतेय, चांगलंच आहे. मग ती गॅसचं बटण बंद करून दोनदा परत येऊन बघायला लागली. कुलूप लावून जिना उतरली की पुन्हा चढायची. जेवताना मधेच थांबून विचारायची, "मीठ मी एकदाच टाकलं ना हो?"

"जेव तू," मास्तर म्हणायचे.

तीन आठवड्यांनी, एका संध्याकाळी, ती दुकानात खाली आली. ती सहसा यायची नाही. गिऱ्हाईक नव्हतं. ती स्टुलावर बसली आणि टेपची गुंडाळी करत म्हणाली, "एक विचारू? खरं सांगाल?"

कळलं हिला, मास्तरांना वाटलं.

"मी हल्ली विसरते का हो?"

"काहीतरीच काय!"

"नाही, ऐका ना. आईचं असंच सुरू झालं होतं. छप्पन्नाव्या वर्षीच, आत्ता माझं वय आहे ना, तेव्हाच. आधी बारीकसारीक. मग शेवटी मला म्हणायची, बाई, तुम्ही कोण, कुणाकडे आलात?" तिनं गुंडाळी सोडली आणि पुन्हा करायला घेतली. "मी ताईंच्या झाडाला वीस दिवस पाणी घातलं आणि मला एकच दिवस आठवतोय. वीस दिवस, अहो! कुठे गेले ते?"

मास्तरांनी टेबलावरची कात्री उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली.

"तुम्ही बघितलं असणार मला घालताना," ती पुढे म्हणाली. "सकाळी असताच की घरात. पण ताईंसमोर बोलला नाहीत. मला काय माहीत म्हणालात. माझी लाज राखलीत. कळलं हो मला ते."

आणि तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मास्तरांना त्या स्टुलाशेजारी उभं राहून समजलं. आता बोल, मेल्या, आता तरी बोल, असं ते स्वतःला म्हणत होते. तेवढ्यात काचेवर टकटक झाली, एक गिऱ्हाईक पँट घेऊन आत आलं आणि बायको डोळे पुसत वर गेली. त्या पँटवाल्याचे मास्तरांनी मनोमन आभार मानले! पुढे कितीतरी दिवस त्यांना त्या सुटकेचीच जास्त लाज वाटत राहिली.

चार दिवसांनी रविवार आला. दुकान बंद होतं, मास्तर बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. बायको आतून आली ती पुदिना घेऊन. रंगाच्या जुन्या डब्याला बुडाशी भोक पाडून त्यात तिनं तो लावला होता.

"जरा याची माती बघता?"

"का? काय झालं?"

"मला वाटतंय मी मघाशी याला बादलीत बुडवून ठेवलं होतं. खालून भिजवलं की वरून सांडत नाही म्हणून. पण चिठ्ठीवर रेघ नाही." तिनं डब्यावरची चिठ्ठी दाखवली. "मी बोट घालून बघितलं तर मला ओलीच लागते. पण मला ओली असावी असं वाटतंय ना, म्हणूनही लागत असेल. माझं मला काही खरं वाटत नाही आता. तुमची बोटं चुकायची नाहीत. तुम्ही सांगा."

तिनं डबा पुढे धरला. मास्तरांनी माती बघितली. वरून पांढरी, सुकलेली, भेगा पडलेली. त्यांनी बोट खुपसलं, पहिल्या पेरापर्यंत. नेहमीसारखंच, बोट आत गेलं. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. काहीतरी सांगणं भाग होतं, आणि डोळ्यांना तरी दिसत होतं ते उघड होतं.

"कोरडी आहे," मास्तर म्हणाले.

तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं. मागे हात नेऊन तिनं खाट चाचपली आणि डबा मांडीवर घेऊन खाली बसली.

"म्हणजे बुडवलंच नाही मी," ती म्हणाली. "आणि मला सगळं आठवतंय हो. बादली निळी होती. पाण्यावर बुडबुडे आले ते आठवतात. मी त्या बुडबुड्यांकडे बघत उभी होते." तिचा आवाज फाटला. "जे झालंच नाही ते आठवतंय मला. आईचंसुद्धा असंच..."

मग मास्तरांना दिसलं. तिच्या मांडीवर, डब्याच्या बुडाखाली, फिक्या सुती झग्यावर एक गडद डाग पसरत चालला होता. पाणी गळत होतं. तिलाही ओलं लागलं असावं. तिनं खाली बघितलं, डागाला हात लावला, हात डोळ्यांसमोर धरला आणि अतिशय घाबरून मास्तरांकडे बघितलं. समोर दिसणारं पाणी खरं मानावं की नवऱ्याचं बोट, हे ती ठरवत होती. आणि ती नवऱ्याच्या बाजूनं ठरवायला निघाली होती.

"ओली आहे," मास्तर ओरडलेच. "अगं, ओली आहे! बुडवलंस तू. मला कळत नाही!"

"काय कळत नाही?"

"काहीच कळत नाही. दोन वर्षं झाली. बोटांना काही लागत नाही माझ्या, ना ओलं, ना कोरडं, ना सुई. ताईच्या झाडाला मीच पाणी घालत होतो. रोज. नंतर दोनदा. कळत नव्हतं म्हणून घालत होतो. तू एकदाच घातलंस. अर्धा ग्लास, दुपारी, आणि संध्याकाळी मला सांगितलंस."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते. आता बोटांचं विचारील, डॉक्टरांचं विचारील, शिव्या देईल.

"म्हणजे मी विसरत नाही?" तिनं विचारलं.

"नाही."

"शपथ घ्या."

"तुझी शपथ. तू काहीही विसरलेली नाहीस."

ती रडायला लागली. डबा पोटाशी धरून, हमसून हमसून, लहान मुलीसारखी. मधेच हसायचीसुद्धा. "बुडबुडे आले होते," ती म्हणत होती, "आले होते की नाही!" मास्तर जवळ जायला उठले. तिनं तळहात पुढे करून त्यांना थांबवलं. हळूहळू रडणं थांबलं आणि तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागेवर बसत गेली.

"त्या दिवशी ताईंनी दोनदा विचारलं मला," ती म्हणाली. "तुम्ही समोर बसला होतात."

"हो."

"आणि दुकानात मी तुम्हाला म्हणाले, माझी लाज राखलीत. तेव्हाही तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"बोटं बधिर झाली ते काही तुमच्या हातात नव्हतं. जिभेला काय झालं होतं?"

तिनं फोन उचलून ताईचा नंबर लावला आणि त्यांच्या हातात दिला. "सांगा. आणि 'मला काय माहीत' म्हणालात तेसुद्धा तुमच्या तोंडानं सांगा. गाळू नका."

मास्तरांनी गाळलं नाही. सगळं सांगितलं: बोटं, तांब्या, अर्धा ग्लास, आणि ते वाक्य.

"झाड गेलं, छोट्या," पलीकडून ताई म्हणाली. "दहा दिवस झाले. तिच्या मनाला लागेल म्हणून मी बोलले नाही."

"ताई..."

"बावीस वर्षांचं झाड होतं, त्याचं मला वाईट वाटतंय, नाही कसं? पण ती खरं बोलत होती आणि मी तिला खरं बोल, खरं बोल म्हणून छळत होते. ते तू ऐकत होतास. चुलीत गेलं ते झाड! मी निघाले. आणि तुला भेटायला येत नाहीये, हे लक्षात ठेव."

अर्ध्या तासात ताई आली. जिना चढून वर आली ती मास्तरांच्या अंगावरून सरळ स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. मास्तर बाहेर बसून राहिले. आधी ताईचं हलक्या आवाजातलं बोलणं ऐकू येत होतं. मग बायकोचं रडणं, मग दोघींचं. मग कितीतरी वेळानं बायको हसली. तीन-चार आठवडे ते हसू त्या घरात ऐकू आलं नव्हतं, आणि इतके दिवस ते बंद आहे हेही मास्तरांच्या आत्ताच लक्षात आलं.

दार उघडलं. बायको चहाचा कप घेऊन आली. डोळे सुजलेले होते, झगा बदललेला होता. ती मास्तरांशी बोलली नाही. कप टेबलावर ठेवला आणि परत निघाली. दारापाशी जाऊन थबकली, मागे आली, आणि कपाचा कान त्यांच्या उजव्या हाताकडे वळवून ठेवला.

"खूप गरम आहे," ती म्हणाली. "बाजूनं धरू नका. भाजलं तरी कळायचं नाही तुम्हाला."

आतून ताईनं हाक मारली तशी ती गेली. मास्तर त्या कपाकडे बघत बसले. ती बोलली नसती, चार दिवस उपाशी ठेवलं असतं, माहेरी निघून गेली असती, तरी त्यांनी ते निभावलं असतं. चहावर साय धरली, तरी त्यांना कपाला हात लावायचा धीर झाला नाही.